प्रज्ञाताई आणि पुठ्ठ्याची पाटी

बातमी आली तेव्हा मी पाया लेबारच्या आमच्या ऑफिसमागच्या हॉकर सेंटरमध्ये होते. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली ओळीने मांडलेले खाण्याचे स्टॉल. सिंगापूरची निम्मी जनता दुपारी तिथेच जेवते. फिशबॉल नूडल्सच्या एका नव्या स्टॉलच्या काचेवर ‘हेल्पर वॉन्टेड’ असं लिहिलेला कागद चिकटवला होता आणि मी त्या स्टॉलवाल्या अंकलला विचारत होते, की ही जागा आत्ता रिकामी आहे का, बाहेरचं माणूस घेणार का आणि कधीपासून घेणार. मला नोकरी नको होती, नूडल्स हव्या होत्या. अंकल हातात झारा घेऊन माझ्याकडे संशयाने बघत होता आणि माझ्यामागे रांग खोळंबली होती. तेवढ्यात फोन वाजला. नागपूरचा नंबर. प्रज्ञाताईंचा धाकटा भाऊ आनंद बोलत होता. “मॅडम, ताई सकाळी गेली. चहा पिऊन, पेपर वाचून, खुर्चीतच... तुमचा नंबर तिनं फोनजवळ भिंतीवर लिहून ठेवला होता, म्हणून कळवून राहिलो.”

मी नूडल्सचा बाउल घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि चांगली हमसून रडले. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी टिश्यूचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. पण खरं सांगते, रडता रडता मला हसूही येत होतं. त्या बाईने लावलेली खोड करतानाच मी तिच्या बातमीला सापडले होते. आणि ही हकीकत ताईंना सांगता आली असती, तर माझ्या रडण्याबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नसतं. “ते राहू दे बाप्पा, तो अंकल काय म्हणाला ते सांग,” एवढंच म्हणाल्या असत्या. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. हातून लिहिणं होत नव्हतं, कारण प्रज्ञाताईंवर गंभीर चेहऱ्याने लिहिणं मला जमणारच नाही.

ताई संख्याशास्त्रज्ञ होत्या. नागपूरला एम.एससी. करून शिष्यवृत्तीवर युरोपात गेल्या, तिथे डॉक्टरेट केली, तिथल्या सरकारी आकडेवारीच्या कार्यालयांत बरीच वर्षं काढली आणि मग सिंगापूरला एका सल्लागार कंपनीत आल्या. त्यांचं काम एका वाक्यात सांगायचं तर युरोपातल्या रिकाम्या नोकऱ्या मोजणं. आता यात मोजायचंय काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण कुठे माणसांची गरज आहे, कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, कुणाला कसलं प्रशिक्षण द्यायचं, बेकारांना मदत चालू ठेवायची की हात आखडता घ्यायचा, ही सगळी धोरणं त्या आकड्यांकडे बघून ठरतात. आणि मोजायची रीत प्रत्येक देशाची निराळी. एक देश फक्त रोजगार कार्यालयात नोंदलेल्या जागा मोजायचा. दुसरा वर्तमानपत्रांतल्या आणि वेबसाइटवरच्या जाहिराती मोजायचा. तिसरा मालकांना प्रश्नावली पाठवायचा, पण छोट्या दुकानदारांना वगळून. मग एकाने लिटरमध्ये, दुसऱ्याने शेरात आणि तिसऱ्याने ‘पुष्कळ आहे’ म्हणून सांगितलेलं दूध एकाच पातेल्यात ओतायचं आणि बासुंदी किती होईल ते ठरवायचं, असला प्रकार! सगळ्या देशांना एका मापावर आणायचं मोठं काम तेव्हा चाललं होतं आणि त्यातल्या प्रश्नावल्या तपासण्याचा नि आकडे पडताळण्याचा तुकडा आमच्या कंपनीकडे आला होता. युरोप उठून दात घासेपर्यंत आम्ही पाया लेबारला बसून त्याच्या अर्ध्या जागा मोजून टाकलेल्या असत.

‘आम्ही’ म्हणतेय, पण त्या ‘आम्ही’मध्ये माझा शिरकाव कसा झाला ते सांगायलाच हवं. मी पुण्याची. संख्याशास्त्र शिकले, चांगली नोकरी होती. नवऱ्याला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटीचं काम मिळालं आणि मी डिपेन्डन्ट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या शेपटाला बांधून, इथे आले. ईशा लहान होती तोवर ठीक होतं. ती शाळेत जायला लागली आणि मी अर्ज करायला लागले. वर्षामागून वर्षं अर्जच करत राहिले. मला रांगोळीत गती नाही, केक करायचा उत्साह नाही, कॉन्डोच्या तरणतलावाशी बसून इतर बायकांच्या सासवांबद्दल ऐकायची सहनशक्ती तर मुळीच नाही. मला काम हवं होतं. पार्टीत कुणी “तुम्ही काय करता?” असं विचारलं, की मी घाईघाईने ईशाच्या डोक्यावरून हात फिरवायची. दोन हजार तेराच्या सुमाराला आमच्या कंपनीची जाहिरात दिसली आणि ती इतकी माझ्या मापाची होती, की मी नवे बूट घेतले.

मुलाखतीला समोर तिघं होते. ऑफिसचा प्रमुख आल्विन, मनुष्यबळ विभागाची एक बाई आणि खादीचा कुर्ता, पायात पांढरे स्पोर्ट्‌स शूज घातलेल्या प्रज्ञाताई. प्रश्न सगळे गोड गोड. मी उत्तरं देत होते, पण कुणी काही लिहूनच घेत नव्हतं. आल्विन मान डोलवत होता, ती बाई घड्याळाकडे बघत होती आणि ताई त्या बाईकडे डोळे वटारून बघत होत्या. आभार मानून मी बाहेर पडले. लिफ्टपाशी पोचते तोच मागून धपाधप पावलं वाजली आणि अस्सल नागपुरी मराठी ऐकू आली.

“थांब गं. पुण्याची ना तू? एक सांगते, वाईट वाटून घेऊ नको. ही जागा रिकामी नाहीये. आतल्याच पोराला द्यायचं ठरून राहिलंय. कंपनीचा नियम आहे म्हणून जाहिरात दिली, नियम आहे म्हणून तुला बोलावलं.”

माझं डोकंच फिरलं. मराठीत बोलायची सोय झाल्यावर रागाला काय तोटा! “मग मला बोलावलंतच कशाला? मुलीला शेजारी ठेवून आलेय मी. नवे बूट घेतलेत. चावतायत!”

त्यांनी खाली वाकून माझ्या बुटांकडे नीट बघितलं आणि मग अशा हसल्या, की लिफ्टमधून बाहेर पडणारा माणूस पुन्हा आत गेला. “बाप्पा! बूट घेतले? आता तर तुला जाऊच देत नाही.” मी म्हटलं, “तुम्हीही होतात की त्या खोलीत.” “होती ना. म्हणून तर धावत आली.” आणि माझं मनगट धरून त्या मला परत आत घेऊन गेल्या.

आल्विनच्या मागच्या भिंतीवर आमच्या कामाची मूळ व्याख्या मोठ्या अक्षरांत लावलेली होती. तिचा सारांश असा, की रिकामी जागा म्हणजे पगाराची अशी जागा, जी भरण्यासाठी मालक बाहेरचा योग्य माणूस शोधायची खरोखर खटपट करतोय आणि जी लगेच किंवा थोड्याच काळात भरायचा त्याचा इरादा आहे. ताईंनी त्या कागदावर बोट ठेवलं. “वाच आल्विन, मोठ्याने वाच. बाहेरचा. खरोखर. अख्ख्या युरोपाला आपण हे शिकवतो, त्याचे पैसे घेतो, आणि आपल्याच घरात खोटी जागा? उद्या आपलीच प्रश्नावली आपल्याला आली तर काय भरशील?” आल्विन सज्जन माणूस. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, “ओके डॉक, ओके. सो हाऊ?” सिंगापुरात ‘सो हाऊ’ म्हणजे शरणागती.

असं ठरलं, की सगळ्या उमेदवारांना, त्या आतल्या मुलालाही, एकच काम द्यायचं. एका देशाच्या भरलेल्या प्रश्नावल्या द्यायच्या आणि त्या देशाचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा इतका फुगलेला का दिसतो ते शोधायला सांगायचं. आठवड्याने मी जुने, न चावणारे बूट घालून गेले. बाकीचे उमेदवार सूत्रं तपासत बसले. मी ते कागद चाळले आणि मला त्यातली माणसं दिसायला लागली. एका कारखान्याला वेल्डर हवा, त्याने प्रश्नावलीत एक रिकामी जागा लिहिली. त्याच कारखान्याने माणूस शोधायचं काम एका एजन्सीला दिलेलं. त्या एजन्सीने आपल्या प्रश्नावलीत तीच जागा पुन्हा लिहिली. वेल्डर एक, जागा दोन. असं शेकड्यांनी झालेलं. ताईंनी विचारलं, “हे तुझ्या लक्षात कसं आलं?” मी म्हटलं, “ताई, इतकी वर्षं अर्ज करतेय. एकच नोकरी तीन एजन्सींच्या नावाने मला भेटलीय. तीनही वेळा मी अर्ज केला आणि तीनही ठिकाणांहून तोच नकार आला!” ताईंनी टेबलावर हात आपटला. “ऐकलं का आल्विन? मोजणाऱ्यांत एक तरी असा पाहिजे, जो कधी रांगेत उभा होता.”

नोकरी मला मिळाली. माझी ती फुकट गेलेली वर्षं अशी एका दुपारी कामाला आली. आणि यातली मौज अशी, की ज्याच्यासाठी ती जागा ठरलेली होती त्या जेसनला ती नकोच होती. त्याला संगणक विभागात जायचं होतं, पण नाही म्हणायचं कसं, म्हणून बिचारा गप्प होता. निकाल कळल्यावर त्याने मला कोपी पाजली, म्हणजे इथली दाट, गोड कॉफी, आणि “यू सेव्ह माय लाइफ लाह” असं म्हणाला; ‘लाह’ म्हणजे आपलं ‘बरं का’. त्या दिवशी घरी येऊन मी ईशाला उचलून गोल फिरवलं. “आई, यू ओके ऑर नॉट?” तिने विचारलं. मी अगदी ओके होते.

ताईंच्या हाताखाली काम करणं म्हणजे दर शुक्रवारी दुपारी फिरायला जाणं. ऑफिसातून सगळे हॉकर सेंटरला जायचे आणि जेवायच्या आधी प्रत्येकाने एक तरी ‘हेल्पर वॉन्टेड’ची पाटी गाठून तीन प्रश्न विचारायचे: जागा आत्ता रिकामी आहे का, बाहेरचं माणूस घेणार का, कधीपासून? ताई म्हणायच्या, “प्रश्नावली ऑफिसात बसून लिहिली की ऑफिसातच शोभते. तोंडावर विचारता येत नाही तो प्रश्न कागदावर घालू नका.” सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग चटक लागली. काय काय उत्तरं मिळायची! एका स्टॉलवर कधीच माणूस नको असायचा, पण पाटी काढली तर काचेवर डाग राहतो म्हणून लावलेली. एका मावशीला माणूस खरंच हवा होता, पण तो तिचा पुतण्याच, सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून येणार होता. आणि वॉनटन नूडल्सच्या स्टॉलवरचे लिम अंकल. त्यांची पुठ्ठ्याची पाटी मी येण्याच्याही आधीपासून तिथे होती. ताईंनी विचारलं तेव्हा त्यांनी मागे भांडी घासणाऱ्या बायकोकडे हळूच बघितलं आणि म्हणाले, “दिस वन नॉट फॉर हायरिंग, डॉक्टर. दिस वन फॉर माय वाइफ टु सी.” म्हणजे कामात कुचराई केलीस तर दुसरी आणीन, अशी धमकी! मागून बायको ओरडली, “आय ऑल्सो लुकिंग फॉर न्यू बॉस, लाह!” ताई हसून हसून खाली बसल्या.

पण त्या अंकलना त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या बायकोचे गुडघे दुखतात, पण कामातून तिला बसायला मिळत नाही, हे ताईंनी पहिल्याच दिवशी टिपलं होतं. मग दर शुक्रवारी तेच तीन प्रश्न. अंकल त्यांना बघून नूडल्सच्या वाफेआड लपायचे. शेवटी एकदा आम्ही गेलो तर स्टॉलवर एक मलेशियन बाई झपाझप पोहे उपसावेत तशा नूडल्स उपसत होती, अंकलची बायको स्टुलावर बसून पैसे घेत होती आणि काचेवर पाटी नव्हती. अंकलनी ती काउंटरखालून काढून ताईंच्या हातात दिली. “टेक, टेक. यू हॅपी ऑर नॉट?” एका कोपऱ्यावर तेलाचा मोठा डाग, अक्षरं लाल मार्करची, भोकात नायलॉनची दोरी. ताईंनी ती केबिनच्या दाराला खिळा ठोकून लावली आणि नियम केला. ऑफिसात खरी जागा रिकामी असेल तर पाटीची अक्षरं बाहेर. नसेल तर पाटी उलटी, तोंड दाराकडे. नियमापुरत्या जाहिरातीला पाटी सुलटी व्हायची नाही. आल्विनने सुरुवातीला पाटी मनावर घेतली नाही, पण पुढे जाहिरात द्यायच्या आधी ताईंच्या दाराकडे एकदा बघून जायला लागला.

या सगळ्याचा ताईंना इतका ध्यास का होता, ते मला जयंतीच्या दिवशी कळलं. एप्रिलमधल्या त्या दिवशी त्यांच्या युनोसच्या फ्लॅटचं दार सगळ्यांना मोकळं असे. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, आणि स्वयंपाकघरात वडाभात. ताई वडे कुस्करून त्यावर हिंग-मिरचीचं कडकडीत तेल ओतत होत्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, की ताई, आकड्यांची एवढी क्षेत्रं असताना तुम्ही हेच कसं धरलंत. तेलाची पळी तशीच हातात धरून त्या सांगायला लागल्या. त्यांचे बाबा शिकलेले होते. एका कचेरीत कारकुनाची राखीव जागा निघायची, बाबा अर्ज करायचे, पांढरा शर्ट कडक इस्त्री करून मुलाखतीला जायचे. निकाल यायचा, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’. जागा तशीच पुढच्या वर्षीच्या अनुशेषात. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा तोच शर्ट. “सरकारच्या आकड्यात जागा रिकामी होती, मेघना. दर वर्षी रिकामी. लोक म्हणायचे, जागा पडून आहेत, ह्यांची पोरं शिकत नाहीत त्याला कोण काय करणार! आणि माझा बाप शर्टाला इस्त्री करून राहिला होता...”

 माझ्या पुण्याच्या घरात राखीव जागांबद्दल जे बोललं जायचं, ते मला एकदम आठवलं, आणि ते आठवून मी ताटाकडे बघत बसले. पण ताईंना गप्प बसलेलं माणूस आवडत नसे. “बाबा मात्र पक्के वल्ली,” त्या हसून म्हणाल्या. “म्हणायचे, जागा माझी वाट बघते, मी जागेची वाट बघतो, लग्न काही जमत नाही, दोघंही म्हातारे होणार! शेवटी एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागले आणि त्या कचेरीच्याच जाहिराती तपासायचे. ‘जागा रिकामी आहे’मधली वेलांटी दुरुस्त करायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगून हसायचे. वाढ आता, तेल थंड होऊन राहिलं.” तो वडाभात मी तीनदा घेतला.

ऑफिसात मग एकच गोष्ट पणाला लागलेली होती, ताईंचा दुसरा प्रश्न. कागदावर तो असा होता: ‘बाहेरचा माणूस मिळावा म्हणून तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न सगळ्या देशांच्या प्रश्नावलीत जावा, यासाठी त्या अडून बसल्या होत्या. युरोपात बेकारी फार वाढली होती ते दिवस. बऱ्याच देशांनी मान्य केलं, एका मोठ्या देशाचे प्रतिनिधी काही ऐकेनात. प्रश्नावली लांबते, मालक कंटाळतात, आमचा आकडा अचानक घसरला तर मंत्र्यांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. तो प्रश्न गळला असता तर ताईंची कितीतरी वर्षांची मेहनत वाया जाणार होती. आमच्या दुपारी, त्यांच्या सकाळी, व्हिडिओवर शेवटची बैठक झाली. आम्ही तक्ते तयार ठेवले होते. ताईंनी एकही तक्ता उघडला नाही. उठल्या, दारावरची पाटी काढून आणली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि लिम अंकलची आणि त्यांच्या बायकोची गोष्ट सांगितली. पडद्यावरच्या चौकोनांमध्ये एकेक चेहरा हसायला लागला. मग ताई म्हणाल्या, “ही पाटी तुमच्या मोजणीत एक जागा आहे. अशा हजारो पाट्या मोजून तुम्ही म्हणता, नोकऱ्या भरपूर आहेत, लोक आळशी आहेत. आकडा आपला चुकतो आणि शिव्या बेकाराला बसतात.” त्या देशाचे म्हातारे प्रतिनिधी कॅमेऱ्याजवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, “त्या बाईंचे गुडघे आता कसे आहेत?” ताई म्हणाल्या, “बरे आहेत. स्टुलावर बसतात.” प्रश्न प्रश्नावलीत गेला. पुढच्या फेरीत त्या देशाचा आकडा घसरला, मंत्र्यांना जे सांगायचं ते कुणीतरी सांगितलं असणार, आणि जग काही बुडालं नाही. त्या दुपारी सगळ्या ऑफिसला ताईंनी लिम अंकलच्या नूडल्स खिलवल्या आणि जेसनने खुर्चीवर उभं राहून गाणं म्हटलं, फार वाईट म्हटलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आल्विनने भाषणात म्हटलं, की डॉकची जागा कुणीही भरू शकणार नाही. आपल्याकडेही मराठीत हे वाक्य तयारच असतं, कधीही भरून न निघणारी पोकळी वगैरे. ताई मधेच उठल्या. “असं बोलू नको आल्विन. भरता येत नाही म्हणालास की तू भरणार नाहीस, मला माहीत आहे. उद्या जाहिरात दे.” आणि भर समारंभात, हातात पुष्पगुच्छ तसाच धरून, त्यांनी जाऊन पाटी सुलटी केली. मला वाटत होतं, ती जागा आता माझीच. पण बाहेरचे लोकही आले, सगळ्यांना एकच परीक्षा झाली आणि मला आठवडाभर नीट जेवण गेलं नाही. जागा मलाच मिळाली, तेव्हा ताईंचा नागपूरहून फोन आला, “आता कसं वाटून राहिलं? आता ती तुझी आहे.”

नागपुरात तरी त्या स्वस्थ कुठे बसल्या! शेवटचं बोलणं झालं तेव्हा मला सांगत होत्या, की बर्डीच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात ‘कामाला मुलगा पाहिजे’ अशी पाटी दिसली, म्हणून त्या आत गेल्या. “मी विचारलं, मुलगाच काहून? साठीच्या पुढची बाई चालेल का? शेठ उठून उभाच राहिला, म्हणाला, मावशी, तुम्ही बसा, चहा घ्या. मी म्हटलं, चहा नंतर, आधी सांग, जागा खरंच रिकामी आहे का?” आम्ही दोघीही इतक्या हसलो, की पुढचं काही बोलायचं राहूनच गेलं. आता वाटतं, काहीतरी महत्त्वाचं बोलायला हवं होतं... पण काय बोलले असते मी? हसलो तेच बरं झालं. मला त्यांची फार आठवण येते, आणि बहुतेक वेळा ती हसत हसतच येते.

बातमी आली त्याच्या पुढच्या सोमवारी आल्विन माझ्या, म्हणजे पूर्वीच्या ताईंच्या, केबिनमध्ये आला. आमच्या विभागात एक जागा होणार होती. ताईंबद्दल तो मनापासून बोलला, आणि मग जरा चाचरत म्हणाला, की त्या जागेसाठी वरच्यांच्या मनात एक नाव आहे, चांगला मुलगा आहे, जाहिरात आपली नियमापुरती देऊन टाकू. मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून आपोआप आलं, “आल्विन, जागा खरंच रिकामी आहे? बाहेरचं माणूस घेणार? कधीपासून?” त्याने दाराकडे बघितलं. पाटी उलटी होती, मळलेली पाठ आमच्याकडे करून. “अय्यो,” तो म्हणाला, “शी गो ऑलरेडी, स्टिल आस्किंग अह?” त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ओके. सो हाऊ?”

मी उठून पाटी सुलटी केली. खिळा सैल झालाय, त्यामुळे ती आता जरा तिरकी लटकते. त्या चांगल्या मुलालाही बोलावलं आहे, बाकीच्यांनाही. काल पहिल्या मुलाखती झाल्या. एक बाई आल्या, चेन्नईच्या, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काम शोधणाऱ्या. दारात थांबून त्यांनी ती तेलकट पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि बसायच्या आधीच, बहुधा पुष्कळ ठिकाणी फसून आलेल्या असल्याने, जरा कडक आवाजात विचारलं, की मॅडम, ही जागा खरी आहे ना? मी त्यांच्या पायांकडे बघितलं. बूट नवे होते. मी म्हटलं, “हो, खरी आहे. बसा, आणि बूट चावत असतील तर काढून ठेवा.”